नदीत पोहणाऱ्यांनी समुद्राचं पाणी कसं ओळखावं?



सुट्टी लागली की निपाणीकडून फोंडा घाटानं आणि बेळगावकडून आंबोलीनं गाड्या मालवणला निघतात. आपली पोरं वेदगंगा-दूधगंगेत, हिडकलच्या पाण्यात लहानपणापासून पोहतात, त्यामुळं त्यांना पाण्याची भीती नाही. अडचण नेमकी तिथंच आहे. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या कॉलेजच्या सहलीतले आठ जण बुडून गेले. ही गोष्ट आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही.

नदीची ओढ एकाच दिशेला असते आणि ती आपल्याला कळते. समुद्रात तसं नाही. लाटांबरोबर काठाला आलेलं पाणी कुठून तरी माघारी जाणारच. ते अरुंद पट्ट्यातून जोरानं आत जातं, त्याला रिप करंट म्हणतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधे एक पट्टा गप्प, जरा काळपट, फेस आत वाहून नेणारा दिसतोय, तर तीच ती जागा. नवख्या माणसाला वाटतं इथंच पाणी शांत आहे, आणि तो तिथंच उतरतो. सापडलात तर काठाकडं हात मारून दमू नका. हा प्रवाह खाली ओढत नाही, आत नेतो. तरंगत राहा, हात वर करा, काठाला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या, मग लाटेबरोबर काठाला या.

खाडीच्या तोंडाशी, म्हणजे देवबागला कर्ली नदी मिळते तसल्या जागी, ओहोटीला अजिबात उतरू नये. भरतीचा अंदाज काढायला कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. जागेप्रमाणं तास-दीड तास मागंपुढं होतं, म्हणून तिथल्या होडीवाल्याला विचारलेलं बरं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, जीवरक्षकाची नजर तिथं असते.

आता पाण्याच्या स्वच्छतेचं. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले की पाण्यातला प्राणवायू कमी झालाय, हे पंचगंगेच्या पाण्यानं आपल्याला चांगलंच शिकवलंय. पण सांडपाण्यातले जंतू डोळ्याला दिसत नाहीत, पाणी नितळ असलं तरी असू शकतात. समुद्रस्नानाच्या सरकारी मानकात १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले जंतू १०० पर्यंतच चालतात. ते आपण मोजू शकत नाही, मग नाल्याचं तोंड कुठं आहे ते बघायचं. मोठा पाऊस झाला की दोन दिवस त्या बाजूला पोहायचं नाही. उघडी जखम असेल तर काठावरच बसा. जाळं ओढणाऱ्यांच्या हाताला चिरा असतातच!

होडीतला नायलॉनचा दोर आणि घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा कॅन गाडीत टाका. कुणी बुडत असेल तर मागं उडी मारू नका, दोर बांधून कॅन फेका आणि १०८ ला फोन लावा. बाहेर काढल्यावर पोट दाबत बसायचं नाही. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्यायचा, छाती दाबायची आणि गाडी येईपर्यंत थांबायचं नाही.

— सचिव