विद्येची पत आणि उद्धरणांची मोजणी

बियाण्याची पत तें शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शेतांत किती पेरलें गेलें यावरून कळते. शास्त्रज्ञाच्या संशोधनाची पत कशी ओळखावी, हा प्रश्न अमरावती-अकोल्याकडील शेतकऱ्यांस प्रथम परका वाटेल. परंतु ज्यांच्या शब्दावर आपण खत, बियाणें व औषध घेतों, त्यांच्या विद्येची पारख आपणांस करतां आली पाहिजे. म्हणून या विषयाचा येथें थोडक्यांत विचार करितों.

एका विद्वानाचा निबंध वाचून दुसरा आपल्या निबंधांत ‘हा विचार अमक्याचा’ असें नमूद करितो. या ऋणनिर्देशास उद्धरण म्हणतात. अशीं उद्धरणें मोजून विद्वानाचा प्रभाव ठरविण्याची चाल आहे. ज्याचे वीस निबंध प्रत्येकीं निदान वीस वेळां उद्धृत झाले व याहून मोठ्या आंकड्यास हा हिशेब जुळत नाहीं, त्याचा ‘एच-निर्देशांक’ वीस. ही रीत २००५ सालीं हिर्श या पदार्थविज्ञान्यानें सुचविली.

आतां उदाहरण घेऊं. डॉ. माधव गाडगीळ यांचा जन्म १९४२ सालीं पुण्यास झाला. हार्वर्ड विद्यापीठांत १९६९ सालीं डॉक्टरेट मिळवून ते १९७१ सालीं स्वदेशीं परतले व १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत त्यांनीं परिसरशास्त्राचें अध्यापन केलें. बॉसर्ट यांच्यासह १९७० सालीं लिहिलेला त्यांचा निबंध हजाराहून अधिक वेळां उद्धृत झाला आहे.

त्या निबंधाचा विषय आपल्या ओळखीचा आहे. प्रत्येक जीवाजवळची शक्ति मर्यादित असते. ती त्यास वाढ, तग आणि संतति यांत वांटावी लागते. घायपात किंवा कळक आयुष्यांत एकदांच फुलतो आणि मरतो. संत्र्याचें झाड वर्षानुवर्षें फळतें, पण कांहीं शक्ति स्वतःसाठीं राखून ठेवितें. एकाच झाडावर आंबिया व मृग असे दोन्ही बहार घेतल्यास झाड खचतें, हें वरूड-मोर्शीच्या बागायतदारांस सांगावयास नको. कोणत्या परिस्थितींत कोणती वांटणी जीवास लाभते, हें या निबंधानें गणितानें दाखविलें. म्हणून मासे, पक्षी व वनस्पति यांचे अभ्यासक त्याचा आधार घेत आले.

परंतु त्यांचें दुसरें एक काम पहा. १९७५ सालीं कर्नाटकांत कागद-गिरण्यांसाठीं होणाऱ्या तोडीमुळें बांबू दुर्मिळ झाला व बुरुडांनीं तक्रार केली. तेव्हां सरकारनें चौकशी गाडगीळांकडे सोंपविली. बेटाच्या बुडाशीं असलेलें कांट्यांचें जाळें काढल्यास बेट मोकळें वाढेल, असें वनखात्याचें मत होतें. गांवकरी म्हणत, कांटे काढाल तर कोंवळे कोंब जनावरें खातील. प्रत्यक्ष पाहणींत गांवकऱ्यांचें म्हणणें खरें ठरलें.

आतां विचार करावा कीं, ही गोष्ट सांगणाऱ्या त्या गांवकऱ्याच्या नांवावर किती उद्धरणें जमा झालीं? एकही नाहीं. उद्धरणांची वही विद्वानांतील देणेंघेणें नोंदविते. शेतकऱ्याकडून घेतलेलें तिच्यांत सहसा चढत नाहीं. शिवाय नव्या निबंधास उद्धरणें मिळण्यास वर्षें लागतात आणि मराठींत लिहिलेलें बहुधा मोजलेंच जात नाहीं. म्हणून आंकडा मोठा दिसला तर मान द्यावा. पण लहान आंकड्यावरून काम हलकें ठरवूं नये. आपल्या शेतांत तें उतरतें किंवा नाहीं, ही कसोटी आपल्याच हातीं आहे.

ही उणीव भरून काढण्यास एक साधन उपलब्ध आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या मसुद्याच्या कामांत गाडगीळांचा सहभाग होता. या कायद्यान्वयें ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेनें समिति नेमून लोक-जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. आमची विनंति अशी कीं, प्रत्येक सभासदानें आपल्या पंचायतींत ही वही पाहण्यास मागावी. गांवरान ज्वारी, जुने आंबे, गवतें व औषधी झाडें यांची माहिती त्यांत लिहवावी आणि माहिती देणाराचें नांव, त्याच्या संमतीनें, वगळूं देऊं नये. जो म्हातारा आज सांगतो आहे, त्याचें ज्ञान त्याच्याबरोबर गेलें तर पुढें कोणता विद्वान त्याचें ऋण मान्य करणार?