रात्रीचं पाणी भरताना

निफाड, दिंडोरीकडे पारा ५ अंशांच्या खाली गेला की सगळ्यांना द्राक्षाची चिंता लागते. मणी तडकतील म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबक सोडलं जातं. ते करायलाच हवं. पण त्याच थंडीत गव्हा-कांद्याला रात्रभर दारं धरणारा माणूस कसा आहे, हे घरात कुणी विचारत नाही. आजचा सल्ला त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

पंपाची थ्री फेज लाईट बऱ्याच ठिकाणी रात्री येते. माणूस बॅटरी घेऊन निघतो, चपला बांधावर काढतो आणि वाफ्यात उतरतो. विहिरीचं पाणी सुरुवातीला कोमट लागतं, तिथेच फसगत होते. पोटऱ्या भिजतात, धोतराचा किंवा पँटचा काठ ओला होतो आणि त्यावर वारा लागतो. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब कितीतरी पटींनी लवकर ओढून घेतं. म्हणून कोरड्या अंगाला जी थंडी सोसते, ती भिजलेल्याला सोसत नाही. गमबूट घालाच. बांधावर पिशवीत कोरडी पँट, बनियन आणि मोजे ठेवा. भिजलात की तिथल्या तिथे बदला, ‘एवढं बारं संपू दे’ म्हणू नका. कानटोपी हवीच.

शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की जिवाला धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते. पुढे बोलणं जड होतं, झोक जातो, हातातलं फावडं धरवत नाही. असा माणूस दारू प्यायलाय असं वाटतं आणि त्याला तसाच झोपू दिलं जातं. कुडकुडणं आपोआप थांबलं पण माणूस सुस्त झाला, तर त्याला बरं वाटतंय असं मुळीच समजू नका. ती सगळ्यात वाईट खूण आहे. ओले कपडे काढा, अंग पुसा, छाती-पोटाभोवती गोधडी, घोंगडी गुंडाळा. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल, तरच गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, आगीजवळ नेऊ नका, आणि १०८ ला फोन करा. दारू तर अजिबात नको. तिने कातडीला ऊब वाटते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते.

दुसरी भीती घरातली. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली खोलीत ठेवून, दारं-खिडक्या लावून झोपायची सवय मळ्यातल्या वस्त्यांवर अजून आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्याला जागही येत नाही. खोली उबवायची तर झोपण्याआधी, दार उघडं ठेवून. मग शेगडी बाहेर काढा. सकाळी घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा.

मधुमेह असलेल्यांनी शेकोटीपासून पाय लांब ठेवावेत. बधिर पायाला चटका कळत नाही; फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी. दम्याच्या माणसाने बागेतल्या धुराचं काम दुसऱ्याकडे द्यावं. भेगांना रात्री पाय धुऊन, कोरडे करून कोकमचं तेल किंवा व्हॅसलिन लावा.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. गोळ्या चालू असतील तर हिवाळ्यात एकदा दाब मोजून घ्या, मनाने बंद करू नका. पहाटे छातीत दडपण, घाम, डाव्या हाताला कळ आली तर गॅस समजून सोडा पिऊ नका, ईसीजी काढा.

आणि शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी माझ्या लेखी आरोग्याचीही आहे. ती वीज किंवा सौर पंप मिळेपर्यंत साठीपुढच्या आजोबांना एकट्याने रात्री पाण्यावर पाठवू नका. जोडीला कुणी नसेल तर दर तासाला फोन करा, आणि फोन उचलला नाही तर लगेच जाऊन बघा.