ज्ञानाची शिदोरी

मुलांनो, दूरच्या वाटेला निघालेला शेतकरी घरून भाकरीची शिदोरी बांधून घेतो. कारण वाटेत अन्न मिळेलच याची खात्री नसते. ज्ञानाच्या वाटेवरही अशी शिदोरी जवळ असावी लागते. नागपूरसारख्या शहरात इंटरनेटवरील धड्याची चित्रफीत पाहणे सोपे आहे. परंतु मेळघाटाच्या डोंगरांत किंवा गडचिरोलीच्या अरण्यात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंजच मिळत नाही. तेथील तुमच्याच वयाच्या मुलांनी तो धडा कसा पाहावा?

याचे उत्तर समजण्यासाठी चित्रफीत आपल्यापर्यंत कशी येते, ते पाहू. ती लहान लहान तुकड्यांनी येते. तुकडे पडद्यावर दिसतात आणि काही वेळाने पुसले जातात. ती पुन्हा पाहायची झाल्यास बहुधा तुकडे पुन्हा मागवावे लागतात. मात्र ती डाउनलोड केली, म्हणजे उतरवून घेतली, तर सर्व तुकडे जुळून एक फाइल तयार होते. मग इंटरनेट नसले तरी चालते. समजा, एक चित्रफीत ७५ मेगाबाइटची आहे. वर्गातील ४० मुलांनी ती निरनिराळी मागवली, तर ३,००० मेगाबाइट डेटा खर्च होईल. एकाने उतरवून पेनड्राइव्हने इतरांना दिली, तर खर्च अवघा ७५ मेगाबाइट!

उतरवलेली चित्रफीत पाहण्यासाठी व्हीएलसी नावाचे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. पॅरिसजवळील एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली हे काम आरंभिले आणि २००१ साली ते सर्वांसाठी मुक्त झाले. इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द ‘फुकट’ व ‘मुक्त’ अशा दोन्ही अर्थांनी येतो. आपल्या मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. फुकट वस्तूला पैसे पडत नाहीत, एवढेच. मुक्त सॉफ्टवेअर मात्र कोणीही वापरावे, त्याची रचना अभ्यासावी, त्यात सुधारणा करावी आणि ते इतरांना द्यावे, अशी चार स्वातंत्र्ये देते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अशा सॉफ्टवेअरच्या चळवळीची घोषणा केली.

परंतु साधन मुक्त असले, म्हणून प्रत्येक चित्रफीत मुक्त होत नाही. विळा आपला असला, तरी शेजाऱ्याचे पीक आपले होत नाही. चित्रफीत तयार करणाऱ्याचा तिच्यावर हक्क असतो. आपल्या देशात १९५७ च्या कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. म्हणून उतरवून घेण्यापूर्वी निर्मात्याची परवानगी आहे का, हे अवश्य पाहावे.

अशी परवानगी आनंदाने देणारेही आहेत. मुंबईच्या पवई येथील आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम सुरू केला. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी त्याचे नेतृत्व केले. त्यातील छोट्या चित्रफिती मुक्त सॉफ्टवेअर वापरावयास शिकवितात, आणि त्यांतील अनेकांचे निवेदन मराठीतही आहे. त्या कोणीही उतरवून घ्याव्यात व इतरांना द्याव्यात, अशी मोकळीक आहे. अट एवढीच, की निर्मात्याचे नाव सांगावे आणि आपण त्यात बदल केला, तर तोही इतरांसाठी तसाच मोकळा ठेवावा.

सॉफ्टवेअर घेतानाही दक्ष राहावे. ते मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारूनच संगणकावर बसवावे. अनोळखी ठिकाणच्या ‘फुकट’ वस्तूबरोबर कधी कधी संगणकाला अपाय करणारी आज्ञावलीही येते.

मुलांनो, सुटीत आजोळी जाल, तेव्हा अशी मुक्त चित्रफीत पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा. गावच्या शाळेतील संगणकावर ती लागली, की रेंज नसतानाही सारा वर्ग तो धडा पाहू शकेल. आपल्याला सहज मिळालेले दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे, हेही शिक्षणच होय. कारण शिदोरी सोडली, की शेजारी बसलेल्याला त्यातला घास देण्याची आपल्याकडे रीत आहे.

स्वाध्याय
१. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांतील भेद उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. ‘विळा आपला असला, तरी शेजाऱ्याचे पीक आपले होत नाही’, असे लेखकाने का म्हटले आहे?
३. ६० मेगाबाइटची चित्रफीत ३५ मुलांनी निरनिराळी मागवली, तर एकूण किती डेटा खर्च होईल?