तिसरा मॉनिटर आणि फाकलेलं चित्र

आईबाबा, दोन मॉनिटर होतेच, आता तिसराही आला. टेबलाला स्टिअरिंग लागलं, खाली पेडल आली. एवढा थाट झाल्यावर लेक कुरकुरते, "बाजूच्या स्क्रीनवर सगळं फाकतंय!" अशा वेळी आपल्या तोंडून दोनच उत्तरं निघतात. "तरी सांगत होते, कशाला हवेत तीन-तीन?" नाहीतर, "बरं, चांगलं ग्राफिक्स कार्ड आणू." दोन्ही जरा थोपवून धरा आणि तिच्या खुर्चीमागे उभं राहून बघा.

मधल्या स्क्रीनवर रस्ता, डॅशबोर्ड सगळं ठाकठीक असतं. मागून आलेली गाडी बाजूने पुढे जाते तेव्हा मात्र कडेच्या स्क्रीनवर ती नको तेवढी लांबते, ड्रायव्हरचं गोल हेल्मेट लंबगोल होतं. मॉनिटर खराब नाही आणि कार्डही कमी पडत नाही. तिन्ही स्क्रीन मिळून एकच सपाट, लांबलचक काच आहे असं धरून गेमने चित्र काढलंय. बॅटरीचा झोत भिंतीवर सरळ टाकला तर गोल पडतो, तिरका टाकला तर लांबतो. इथेही तेच होतं.

लेक दहावीत असेल तर हिशोब तिलाच करू द्या. एका स्क्रीनवर गेम 90 अंशांचा देखावा दाखवत असेल, तर अर्धा कोन 45 आणि त्याचा टॅन 1. रुंदी तिप्पट केली की टॅन 3 होतो, म्हणजे अर्धा कोन साधारण 71.5 आणि पूर्ण देखावा 143 अंशांचा. तेवढ्या कोनावर, अगदी कडेला, गोल वस्तू उंचीपेक्षा तिपटीहून जास्त रुंद दिसते. तोच देखावा एका स्क्रीनला 60 अंशांवर आणला, तर तीन स्क्रीनवर 120 होतो आणि कडेचा ताण दुपटीवर येतो. ज्या टॅनला ती "हे कुठे उपयोगी पडतं?" म्हणून नाक मुरडते, तो इथे तिच्याच टेबलावर कामाला लागतो.

आता टेप घ्या. दोघांनी मिळून चार मापं काढा: स्क्रीनची रुंदी, मधल्या स्क्रीनपासून डोळ्यांपर्यंतचं अंतर, बाजूच्या स्क्रीन किती अंशांनी आत वळवल्यात तो कोन, आणि मधल्या काळ्या पट्ट्यांची जाडी. आयरेसिंग, असेटो कॉर्सा यांसारख्या रेसिंगच्या गेममध्ये तीन स्क्रीनची वेगळी सेटिंग असते. ही मापं तिथे भरली की गेम प्रत्येक स्क्रीनचं चित्र त्या स्क्रीनच्या कोनातून वेगळं काढतो आणि गाडी गाडीसारखी दिसू लागते. ही सोय नसलेल्या गेममध्ये बाजूच्या स्क्रीन नुसत्या आत वळवल्या, तर फाकणं उलट जास्त डोळ्यांवर येतं. तिथे देखाव्याचा कोन कमी करावा, नाहीतर सरळ मधल्या स्क्रीनवरच खेळावं.

कार्डाचा मुद्दा अगदीच खोटा नाही. 1920 बाय 1080 च्या तीन स्क्रीन म्हणजे सुमारे 62 लाख ठिपके, एकीच्या तिप्पट. त्याने गेम अडखळू शकतो. पण अडखळणं वेगळं आणि फाकणं वेगळं. नुसत्या फाकण्यासाठी हजारो रुपये घातलेत, तर नव्या कार्डावरही तेच हेल्मेट तसंच लंबगोल दिसेल, फक्त जास्त सफाईने.

आणि एक. खेळताना मळमळतं, डोकं गरगरतं असं ती म्हणाली तर थट्टेवारी नेऊ नका. डोळ्यांना वेग दिसतो आणि शरीर जागच्या जागी असतं, त्याचा काही मुलांना खरंच त्रास होतो. खेळ तिथेच थांबवा.

मुलांची तक्रार ऐकली की आपण लगेच निवाडा करायला बसतो. पण "फाकतंय" म्हणणाऱ्या लेकीने काहीतरी नीट पाहिलेलं असतं. "कुठे फाकतंय, दाखव बघू," एवढं विचारा. पुढच्या वेळी बाजारात काही मागण्याआधी टेप तीच शोधेल.