साभार परत

अगं, परवा फोनवर म्हणालीस, “ताई, आता सरळ ईबुकच काढते, कुणाच्या पायऱ्या झिजवायला नकोत.” काढ की! पण आधी माझी फजिती ऐक.

माझ्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, ‘साभार परत’च्या चिठ्ठ्यांनी भरलेला. दिवाळी अंकाला कथा पाठवताना सोबत आपलाच पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट द्यायचं. म्हणजे नकाराचं टपालही आपल्याच खर्चाने! अकरा वर्षं केलं ते. 2016च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं आली तेव्हा म्हटलं, सुटले बाई. मुखपृष्ठही हौसेने करून घेतलं. फाईल चढवून बघते तर पानभर इंग्रजी चिन्हांची रांगोळी! जुन्या फॉन्टात टाइप केलेलं ना सगळं. युनिकोडमध्ये करून घेतलं, तर ‘वाऱ्यावर’सारख्या शब्दांतली जोडाक्षरं मोडलेली. ओळन् ओळ बसून तपासली. तू पीडीएफच्या नादी लागू नकोस, साधी वर्डची युनिकोड फाईल ठेव.

आणि ईबुक काढून देणाऱ्या ‘पॅकेज’वाल्यांना पैसे देऊ नकोस. किंडलवर पुस्तक चढवायला दमडी लागत नाही, ईबुकला आयएसबीएनही लागत नाही. रॉयल्टी पस्तीस टक्के. भारतातल्या विक्रीवर सत्तर हवी तर किंडलच्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत जावं लागतं, आणि मग नव्वद दिवस ते पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेच द्यायचं नाही. भिशीच्या ग्रुपवर पीडीएफ टाकलीस तरी नियम मोडला. श्रीमंत होशील या भ्रमात मात्र राहू नकोस. माझ्या पहिल्या वर्षाच्या कमाईत एक बरी साडीसुद्धा आली नसती.

खरी गोची वेगळीच. संपादक नाही म्हणजे अडवणारंही कुणी नाही. आपल्याच घरातल्या गोष्टी लिहितो आपण. मी आत्याची लिहिली, नवरा सोडून गेला त्या दिवसाची. नाव बदललं, गाव बदललं. पण तिची ती कान तुटलेली कढई तशीच राहिली. झालं, अख्ख्या भावकीने ओळखलं. पंधरा दिवस माझा फोन कुणी उचलेना. अडवायला एखादी खडूस मैत्रीण आधीच गाठून ठेव, कौतुक करणारी नको.

शेवटी आत्याचाच फोन आला. नातीने मोबाइलवर सगळी गोष्ट वाचून दाखवली होती म्हणे. मी घाबरत विचारलं, “रागावलीस?”

“राग कसला? पण तू लिहिलंयस, त्या दिवशी दूध नासलं. नासलं नव्हतं गं. त्यांच्या चहाचं होतं, मीच मोरीत ओतलं.”

छापील पुस्तकात ते दूध जन्मभर नासलेलंच राहिलं असतं. मी त्याच रात्री वाक्य बदललं आणि फाईल पुन्हा चढवली.