जुनी वस्तू विकली, की धंदा केला?

पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार आपण ऐकून आहात. आता तसाच बाजार हातातल्या मोबाईलमध्ये भरतो. त्याला वार नाही की सुट्टी नाही. वस्तूचा फोटो काढावा, खाली किंमत लिहावी, की गिऱ्हाईक विचारू लागते. कुणी पंखा विकतो, कुणी सायकल. गावोगावची तरुण पोरे शहरातून जुने फोन स्वस्तात आणतात, दुरुस्त करतात आणि ह्याच बाजारात विकतात. चार पैसे सुटतात. ह्यात वाईट काही नाही.

पण ह्या पैशावर सरकारचा कर लागतो का? काही माणसे भीतीने घरचे जुने कपाटसुद्धा विकत नाहीत. ते गंजत पडते. उलट काही जण वर्षाला शेकडो फोन विकतात आणि म्हणतात, "आम्ही कुठे दुकान घातले आहे?" दोघांचाही हिशेब चुकतो.

आधी भित्र्या माणसाचे पाहू. आपण सायकल घेतली, पाच वर्षे चालविली, मग विकली. हा धंदा नव्हे. कपडे, भांडी, पलंग, घरचा फोन ह्या वापरायच्या वस्तू. त्या विकून आलेल्या पैशावर आयकर नाही. नशिबाने चार पैसे जास्त मिळाले, तरी नाही. मात्र दागिने, चित्रे, मूर्ती व पुराणवस्तू ह्यांना ही सूट नाही. त्यांच्या नफ्यावर कर लागू शकतो. जुन्या मोटारीबद्दलही मध्यंतरी आवई उठली होती. 2025 च्या जानेवारीपासून जुन्या गाडीच्या फरकावर 18 टक्के जीएसटी झाला, तो जीएसटीत नाव नोंदविलेल्या व्यापाऱ्याला. आपली जुनी मोटारसायकल शेजाऱ्याला विकणाऱ्या शेतकऱ्याला तो नाही.

आता दुसऱ्या माणसाकडे वळू. धंदा कशाला म्हणायचे? दुकान, पाटी, गल्ला असला तरच धंदा, असे कायदा म्हणत नाही. वस्तू घेताना मनात काय होते, हे तो पाहतो. वापरायला घेतली, की विकायला घेतली? विकायलाच घेतली असेल तर एका व्यवहाराचाही धंदा होऊ शकतो.

ह्यावर सर्वोच्च न्यायालयाचा 1958 सालचा एक निकाल आहे. कोइमतूर येथे एक कापड गिरणी होती. तिचा कारभार पाहणाऱ्या मंडळींनी गिरणीला लागून असलेले जमिनीचे चार तुकडे घेतले. सगळे मिळून 8,713 रुपये आणि वर काही आणे पडले. पुढे 1947 साली तीच जमीन त्यांनी गिरणीला 52,600 रुपयांना विकली. आयकर खात्याने नफ्यावर कर मागितला. ते म्हणाले, आम्ही जमिनीचे व्यापारी नाही. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर ह्यांनी निकाल लिहिला. (हे आपल्या साताऱ्याचे. पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले.) ह्या लोकांनी जमिनीत पीक काढले नाही, तिच्यावर बांधकाम केले नाही. गिरणीला विकून नफा काढावा, एवढ्याचसाठी ती घेतली होती. तेव्हा हा व्यापारच, असे न्यायालयाने ठरविले.

हा निकाल जमिनीचा आहे, पण कसोटी जुन्या फोनलाही तीच. दर आठवड्याला फोन आणायचे, काच बदलायची, जाहिरात टाकायची. हे घरचा पसारा काढणे कसे होईल?

धंदा म्हटला की लगेच कर भरावा लागतो असेही नाही. आयकर विक्रीवर नसतो, नफ्यावर असतो. एक फोन 4,000 रुपयांना घेतला. बॅटरीला 500 रुपये लागले. 6,000 ला विकला. नफा 1,500. वर्षभरातला असा सगळा नफा आणि इतर मिळकत एकत्र करायची. 2025-26 ह्या वर्षापासून नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंत कर नाही. त्यापुढे 12 लाखांपर्यंतच्या साध्या मिळकतीचा कर माफ होतो. परंतु मिळकत 4 लाखांवर गेली की विवरणपत्र भरावेच लागते, कर शून्य असला तरी. आणखी एक. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे खरे, पण शेतकऱ्याने फोन विकून मिळविलेला नफा शेतीचे उत्पन्न होत नाही. तो शेतीत मिसळून दाखवू नये.

छोट्या व्यापाऱ्याला एक सोपी वाटही आहे. विक्री 2 कोटींच्या आत असेल, तर रोखीच्या विक्रीवर कमीत कमी 8 टक्के आणि बँकेतून किंवा मोबाईलने आलेल्या पैशावर कमीत कमी 6 टक्के नफा धरून विवरण भरता येते. 5 लाखांची विक्री सगळी मोबाईलने झाली, तर 30,000 रुपये नफा धरायचा. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा.

जीएसटीचा हिशेब वेगळा. तिथे नफा नव्हे, विक्री मोजतात. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची विक्री 40 लाखांवर गेली की नाव नोंदवावे लागते. राज्यातल्या राज्यात ऑनलाईन बाजारामार्फत विकणाऱ्या लहान व्यापाऱ्याला 1 ऑक्टोबर 2023 पासून ह्या मर्यादेचा लाभ मिळतो. त्यासाठी जीएसटीच्या संकेतस्थळावरून एक क्रमांक घ्यावा लागतो. पण धंद्याचा माल राज्याबाहेर गेला, की ही मर्यादा सुटते. कोल्हापूरचा पोरगा बेळगावला फोन पाठवितो, सावंतवाडीचा गोव्याला पाठवितो. जवळचेच गाव वाटते, पण मध्ये राज्याची हद्द आहे. तिथे पहिल्या फोनपासूनच नोंदणी लागते. पोरे अडकतात ती इथे.

नाव नोंदविले म्हणजे सगळ्या किमतीवर कर बसतो, असे समजू नका. जुना माल आहे तसा किंवा किरकोळ दुरुस्ती करून विकला, आणि खरेदीवरचा कर परत मागितला नाही, तर फक्त खरेदी आणि विक्री ह्यांतल्या फरकावर कर देता येतो. आपल्या फोनचा फरक 2,000. मोबाईलचा दर 18 टक्के. कर झाला 360 रुपये. बॅटरीचे 500 ह्या फरकातून वजा होत नाहीत, एवढे ध्यानात असू द्या.

2025 च्या जुलैत कर्नाटकात वाणिज्य कर खात्याने लहान दुकानदारांना नोटिसा पाठविल्या. मोबाईलवरून जमा झालेल्या पैशाची बेरीज खात्याने पाहिली होती. त्यांत भाजी आणि दूध विकणारेही होते. ताज्या भाजीवर, दुधावर करच नाही. तरी ते कागद दाखवून सांगावे लागले. कित्येकांनी घाबरून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. हा उपाय नव्हे. रोख घेतली तरी विक्री ती विक्रीच. आणि खात्यावर आलेले पैसे मेहुण्याने उसने परत केलेले, की फोनचे, हे वही नसेल तर दोन वर्षांनी कोण सांगणार?

म्हणून आजच एक वही घाला. घरच्या वस्तू विकल्या तर त्या शेवटच्या पानावर लिहा. धंद्याच्या पानावर तारीख, वस्तू, कुणाकडून घेतली, किती रुपयांना, दुरुस्तीचा खर्च, कुणाला विकली, किती रुपयांना, असे रकाने आखा. फोन असेल तर त्याचा 15 आकडी क्रमांकही लिहा. फोनवर *#06# दाबले की तो दिसतो. विकणाऱ्याची सही घ्या. उद्या फोन चोरीचा निघाला तर ती सही उपयोगी पडेल.

आता हे गणित वहीत सोडवा. एका बाईने आपले वापरातले शिलाई यंत्र 2,500 रुपयांना विकले. नंतर तिने लिलावात 6 जुनी यंत्रे 9,000 रुपयांना घेतली. तेलपाणी आणि सुट्या भागांना 1,800 रुपये लागले. ती यंत्रे तिने मोबाईलवर जाहिरात देऊन 15,600 रुपयांना विकली. तिचा धंद्यातला नफा किती? 2,500 रुपये त्यात धरायचे का?