वारा सर्वांचा, पवनचक्की कोणाची?



जे सर्वांचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. हवेचे तसेच झाले. कोळसा व तेल जाळून होणारा कार्बन डायऑक्साइड आपण सारेच हवेत सोडतो, पण ‘हा माझा’ असे कोणी म्हणत नाही. मग सुरुवात कोणी करावी?

डेन्मार्कमध्ये सामसो नावाचे छोटे बेट आहे. वस्ती सुमारे ४,०००, मुख्य व्यवसाय शेती. तेल जहाजाने येई आणि वीज समुद्राखालील तारेतून. ती बहुतांशी कोळशावरची. दहा वर्षांत आपल्या गरजेइतकी ऊर्जा वारा, सूर्य व शेतमाल यांतून कोण मिळवील, अशी स्पर्धा १९९७ साली सरकारने ठेवली व सामसोची निवड झाली. सोरेन हर्मनसेन या स्थानिक शिक्षकाने सभांमागून सभा घेऊन लोकांना पटवले.

सन २००० मध्ये ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. विजेची गरज भागली. पेंढा जाळून तापवलेले पाणी नळांतून घरोघर फिरू लागले व घरे उबदार झाली. पेंढ्याच्या धुरातला कार्बन पिकाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. मोटारी व बोटी मात्र तेलावरच होत्या. म्हणून २००३ पर्यंत समुद्रात आणखी १० पवनचक्क्या बसवून जादा वीज मुख्य भूमीला दिली आणि त्या धुराची भरपाई केली. अर्थात भरपाई झाली म्हणजे धूर थांबला असे नव्हे. २०२१ साली संयुक्त राष्ट्रसंघाने सामसोचा गौरव केला.

यातले खरे मर्म मालकीत आहे. जमिनीवरच्या ११ पैकी ९ पवनचक्क्या शेतकऱ्यांनी घेतल्या. उरलेल्या २ सहकारी तत्त्वावर, गावकऱ्यांनी भाग विकत घेऊन उभारल्या. परक्याची चक्की दारात खुपते; आपली फिरली की बरे वाटते.

माणूस स्वतःच्या वस्तूची अधिक काळजी घेतो, हे संत थॉमस अक्वायनस यांनी मान्य केले. मात्र तिचा उपयोग सर्वांसाठी असावा, असेही बजावले. सामसोत ही दोन्ही तत्त्वे एकत्र नांदली. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या विश्वपत्रात ऊर्जेच्या स्थानिक सहकारी संस्थांचा आवर्जून उल्लेख केला आहे.

आपल्याकडे डेन्मार्कचा वारा नाही, पण ऊन भरपूर आहे. एकट्याला न परवडणारे सौरपॅनल वीस कुटुंबांना मिळून परवडू शकते. सरकारची वाट पाहणे सोपे असते; शेजाऱ्याशी बोलणे अवघड. सामसोने अवघड काम आधी केले.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी :
१) आपल्या सोसायटीचा जिना, पंप व गच्ची यांचे वीजबिल किती येते? ते कोण पाहतो?
२) ‘सर्वांचे’ म्हणून आपण कोणत्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतो?
३) या महिन्यात शेजाऱ्यांसोबत मिळून कोणते एक काम हाती घेता येईल?

आपला,
प्रमुख धर्मगुरू